सिगार पेटवू नका, आधी शेका!

परवा एका पार्टीत एका गृहस्थांनी झोकात सिगार काढला. जाडजूड, चकचकीत. तो तोंडात धरला, खिशातून तो फुर्र आवाज करणारा जेट लायटर काढला, वेल्डिंग करावं तशी निळी ज्वाला टोकावर रोखली आणि गाल आत जाईपर्यंत दम ओढला. मग ठसका. मग डोळ्यांत पाणी. आणि मग निकाल: "छ्या, फार कडू आहे राव हा सिगार!"

अहो, सिगारचा काय दोष? तुम्ही त्याचा कोळसा केलात.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, सिगारही तंबाखूच आहे. धूर छातीत घ्यायचा नसला तरी तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका टळत नाही. तेव्हा ओढत नसाल तर या पोस्टमुळे सुरू करू नका. पण ओढतच असाल तर निदान चवीची माती तरी करू नका, एवढंच माझं म्हणणं.

सगळा घोळ होतो तो सिगारला मोठी सिगरेट समजल्यामुळे. सिगरेटमध्ये बारीक कातरलेली कोरडी तंबाखू आणि वर कागद. काडी लावली की पेटली. चांगल्या सिगारमध्ये कागदाचा मागमूस नसतो. बाहेरचं रॅपर पानाचं, त्याखालचा बाइंडर पानाचा आणि आतलं फिलरही लांबलांब पानांचं. शिवाय ही पानं सारखी नसतात. झाडाच्या शेंड्याकडचं लिखेरो जाड, तेलकट आणि सावकाश जळणारं, म्हणून ते गाभ्यात घालतात. बुडाकडचं व्होलादो पातळ आणि चटकन पेट घेणारं. त्यात हा माल ठेवतात ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत, म्हणजे पान किंचित दमट. रोबुस्टो नावाचा जो नेहमीचा आकार, त्याची लांबी ५ इंच आणि रिंग गेज ५०. हे गेज म्हणजे इंचाचे ६४ भाग करून मोजायचं माप, म्हणून ५० म्हणजे व्यास जवळजवळ २ सेंटिमीटर. एवढं रुंद, दमट तोंड एका झुरक्यात सारखं पेटेल कसं?

मी स्वतः हे फजिती करून घेऊनच शिकलो. माझा पहिला सिगार मी काडी लावून भसाभसा ओढला होता. एक बाजू पेटली, दुसरी तशीच. दहा मिनिटांत एकीकडचं पान सरसर जळत वर गेलं आणि दुसरीकडचं जिभेसारखं बाहेर लोंबत राहिलं. मित्राचे काका शेजारी बसले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, तोंडातून काढ आधी तो. हातात धरून शेक."

ते 'हातात धरून' फार महत्त्वाचं. तोंडात धरायचं बंद टोक दोनेक मिलिमीटर कापून झालं की सिगार तोंडात जात नाही, हातातच राहतो. किंचित तिरका धरायचा, ज्वाला दुसऱ्या टोकाखाली, आणि दोघांमध्ये बोटभर अंतर. ज्वाला टेकवायची नाही, नुसती धग द्यायची. आणि बोटांत सावकाश फिरवत राहायचं. आधी कडा काळसर होते, मग बारीक धुराची रेघ निघते, पानाचा ओलावा उडतो. आता त्या टोकावर हळूच फुंकर मारा. पेटलंय तिथे नारिंगी निखारा फुलतो, राहिलंय तिथे काळा डाग दिसतो. त्या डागापुरतीच पुन्हा धग द्या. सगळी चकती एकसारखी फुलली की मगच सिगार ओठांत, ज्वाला जवळ ठेवून, फिरवत एक-दोन हलके झुरके. या सगळ्याला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढा धीर नसेल त्याने खुशाल सिगरेट ओढावी.

आता आग कशाची? पेट्रोलचा लायटर बाद. वातीचा वास पानात उतरतो आणि पहिले कितीतरी झुरके रॉकेल प्यायल्यासारखे लागतात. मेणबत्तीही नको. ब्युटेन गॅसचा साधा, पिवळ्या मऊ ज्वालेचा लायटर उत्तम. काडी वापरायची तर लांब, लाकडी, आणि गुलावरचं रसायन पूर्ण जळू द्यायचं, नाहीतर गंधक थेट जिभेवर. हौशी मंडळी सिगारच्या पेटीतली सीडर लाकडाची पातळ पट्टी पेटवून तिच्यावर शेकतात. (गंमत म्हणजे हा 'स्पॅनिश सीडर' खरा सीडर नाहीच, तो महोगनीच्या कुळातला.) मला स्वतःला ही पट्टी सगळ्यात आवडते, पण वाऱ्यात ती टिकत नाही.

जेट लायटरशी माझं मात्र वाकडं आहे. वाऱ्यात त्याच्यासारखा दुसरा नाही, हे कबूल. पण त्याची आच प्रचंड, आणि निळी ज्वाला उन्हात धड दिसतही नाही. टोक शेकतोय म्हणेपर्यंत बाजूचं रॅपर करपून वर गेलेलं असतं. वापरायचाच तर चांगला लांबून.

तर त्या पार्टीत मला राहवेना. तोवर त्यांचा सिगार विझला होता. मी मागून घेतला, राख झाडली, आत कोंडलेला शिळा धूर उलट फुंकून बाहेर काढला आणि साध्या लायटरवर टोक पुन्हा सावकाश शेकून परत दिला. करपटपणा पुरता गेला नव्हता, पण गृहस्थांनी एक झुरका घेतला, भुवया उंचावल्या. मी फुंकर मारून निखारा दाखवला. मग काय, पुढची दहा मिनिटं ते ओढायचं सोडून टोकावर फुंकरच मारत बसले होते, आणि येईल-जाईल त्याला दाखवत होते, "बघा, सगळीकडून सारखा पेटलाय!"