प्रेरणा, शब्दमर्यादा दीडशे

सी.ए. करणाऱ्या मुलाला आजवर कुणी विचारलंय का, की बाबा रे, जीएसटीचा रिटर्न भरताना तुझी प्रेरणा काय असते? नर्सिंगच्या मुलीला इंजेक्शनामागची भूमिका कुणी विचारत नाही. पेंटिंगच्या पोराला मात्र लग्नाच्या पंगतीत, केस कापताना, बँकेत केवायसी करताना, कुठेही गाठून विचारतात, "मग, तुमचं इन्स्पिरेशन काय?" आणि आपण तोंड उघडेपर्यंत विचारणारा जिलेबीकडे वळलेला असतो.

पंगतीतल्यांना चुकवता येतं, कॉलेजला नाही. वार्षिक प्रदर्शनात चित्र लावायचं तर सोबत 'कलाविषयक भूमिका' द्यावी लागते. शब्दमर्यादा दीडशे. चित्र एक वेळ ओलं चालेल, भूमिका टाइप केलेलीच हवी.

त्यात आम्ही पडलो कोल्हापूरचे. इथे प्रेरणा नाही म्हणायची सोयच नाही. चित्रकार धुरंधरांचा जन्म इथला, 1867 चा. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तर कॅमेरासुद्धा इथेच तयार केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आबालाल रहिमान तर कोटितीर्थाच्या काठी राहून चित्रं काढायचे. 1922 मध्ये शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात बुडवली, असं सांगतात. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माझीपण बुडवायच्याच लायकीची हायत. पाणी तेवढं पुरंल का बघा."

या वारशाचा एक परिणाम असा, की इथला प्रत्येक विद्यार्थी रंकाळा तलावाच्या काठावर बसून पाण्यातला दगडी संध्यामठ काढतो. पिढ्यान् पिढ्या काढतोय, बहुतेक त्याच जागेवरून. संध्यामठ आता आपणहून पोझ देतो असा मला संशय आहे. मीही काढलाय, अनेकदा. पण 'का काढलास' याचं खरं उत्तर लिहिता येत नाही. सबमिशन होतं, आणि तिथे भेळ चांगली मिळते.

माझ्या चित्रांवर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा असेल तर तो एस.टी. महामंडळाचा. रोजची स्केचेस करायला आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावर जातो. जागा माणूस मॉडेल म्हणून कुचकामी. आपल्याला कुणीतरी काढतंय हे कळलं की तो पोट आत घेतो, मिशीवरून हात फिरवतो, नाहीतर सरळ मागे येऊन उभा राहतो. "काय काढालास रं? मी हाय व्हय ह्यो? नाक जरा कमी कर की." त्यामुळे मी झोपलेली माणसं शोधतो. पण झोपलेला माणूससुद्धा आपल्या बसचा आवाज बरोबर ओळखतो, आणि डोक्याखालची पिशवी उचलून असा पळतो की कागदावर नुसती टोपी आणि एक कान उरतो. गारगोटीला सारख्या गाड्या, म्हणून माझ्या वहीत गारगोटीची माणसं कायम अर्धी. ज्यांची बस दिवसातून एखादीच, त्यांचं मात्र पार चपलेच्या अंगठ्यापर्यंत शेडिंग झालेलं असतं. एका पाहुण्या परीक्षकांनी वही चाळून "अपूर्णतेची ही ओढ जाणीवपूर्वक आहे का?" असं विचारलं. मी मान हलवली. खुलासा करायचा म्हणजे टाइमटेबल दाखवावं लागलं असतं.

प्रेरणेबद्दल एकदा मी तज्ज्ञालाही विचारून पाहिलं. गणपतीच्या आधी दोन पैसे मिळावेत म्हणून मी गंगावेशीच्या कुंभार गल्लीत रंगकामाला जातो. पितांबर, उंदीर, पाट एवढीच माझी मजल. डोळ्यांची आखणी मूर्तिकार मामा करतात, तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. मामांची करंगळी गणपतीच्या गालावर टेकते, ब्रश रंगात बुडवून बोटावर एकदा फिरवला जातो, तोंडातली सुपारी थांबते. मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर एकच रेघ. सुरुवातीला बारीक, मध्ये भरलेली, शेवटी पुन्हा केसाएवढी. रेघ सुटेपर्यंत मामा श्वास घेत नाहीत. सुटली की सुपारी चालू. कॉलेजात आम्ही रेषेच्या लयीवर व्याख्यानं ऐकली आहेत, चांगली होती. पण ही रेघ बघितली की व्याख्यान देणाऱ्यांनाही इथे उंदीर रंगवायला बसवावंसं वाटतं.

"मामा, डोळे शेवटी का?"

"आधी काढलं तर मूर्ती बघाय लागतीय. मग सोंडंवर रंग सांडला की आपल्यालाच लाज वाटतीया."

एवढं ऐकून मला वाटलं, माणूस मिळाला. मी वही सरसावून विचारलं, "मामा, तुमची प्रेरणा काय?"

मामांनी पुढची मूर्ती ओढली. "चतुर्थी."

कलाविषयक भूमिका म्हणून मी हाच एक शब्द टाइप करून नेला होता. एकशे एकोणपन्नास कमी पडतात, म्हणून परत आला.

प्रदर्शनासाठी दिलेलं माझं चित्र निळं होतं. पावसातला एस.टी. स्टँड, सगळा निळा. निळाच का? तर रंगांच्या दुकानात कोबाल्ट निळ्याची ट्यूब विचारली आणि भाव ऐकून खाली ठेवली. अल्ट्रामरीन हा दुसरा निळा त्या मानाने स्वस्त. एके काळी हाच रंग अफगाणिस्तानातल्या लापिस लाझुली दगडातून काढायचे, आणि युरोपातले चित्रकार तो जपून येशूच्या आईच्या, मेरीच्या वस्त्रापुरता वापरायचे. पुढे 1828 मध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन करून दाखवल्याबद्दल फ्रान्समध्ये बक्षीस दिलं गेलं, रंग कारखान्यात बनू लागला आणि पार धुण्याच्या बादलीपर्यंत पोचला. पांढऱ्या शर्टांना घालायच्या निळीच्या पुडीत तोच असतो. तर माझ्याकडे होता अल्ट्रामरीन, पांढरा आणि तळाशी उरलेला काळा. त्यात जेवढा पाऊस पडला तेवढा पाडला.

हे दीडशे शब्दांत कसं बसवायचं? शेवटी एका वर्गमित्राला शरण गेलो. या बाबतीत तो तयार गडी आहे. एक मिसळ, जादा कट, वर पावाची जोडी, एवढ्यात तो कुणालाही भूमिका लिहून देतो. 'अवकाश, स्मृती आणि विस्थापन यांच्यातील ताणलेल्या संवादाचा शोध' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. गडी रोज इचलकरंजी-कोल्हापूर अप-डाऊन करतो, एवढंच काय ते विस्थापन. पण लिहितो असं, की वाचून माझं मलाच भरून आलं.

उद्घाटनाला आलेले पाहुणे माझ्या चित्रापुढे थांबले. थांबले म्हणजे शेजारच्या कागदापुढे. तो पूर्ण वाचला, मग चित्राकडे एक नजर टाकली, कागदात लिहिलंय ते जागेवर आहे ना हे तपासल्यासारखी. म्हणाले, "पिकासोचाही निळा काळ होता, 1901 ते 1904." मी नम्रपणे मान झुकवली. पिकासोचा जिवलग मित्र गेला होता, त्या दुःखातून त्याचा निळा आला. माझा मित्र ठणठणीत होता आणि मागे उभा राहून मिसळीच्या बाकीबद्दल खुणा करत होता. "विस्थापनाची वेदना या निळ्यात अगदी झिरपली आहे," पाहुणे म्हणाले. सरांनीही डोळे मिटून दुजोरा दिला.

तेवढ्यात आई आली. तिने कागद वाचला नाही, चष्मा घरी राहिला होता. पदर सावरत ती चित्राच्या अगदी जवळ गेली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली, आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "नीळ जरा जास्तच झाली की रे."