खरखर राहू द्या, काका

अकाई म्हटलं की माझ्या वयाच्या मराठी माणसाला टीव्हीच आठवतो. नव्वदच्या दशकात 'जुना टीव्ही द्या, नवा अकाई न्या' छापाच्या योजना निघाल्या आणि लोकांनी घरातले धडधाकट टीव्ही रिक्षात घालून दुकानात नेले. त्यामुळे बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या काउंटरवर मी माझा एस-९५० ठेवला, तेव्हा दुरुस्तीवाल्या काकांनी वरचं नाव वाचून थेट निदान केलं.

"आवाज येतो ना? मग फक्त चित्र गेलंय."

"काका, याला चित्र नसतंच."

"तेच म्हणतोय मी. गेलंय."

एस-९५० हा सॅम्पलर आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही. तुम्ही जे ऐकवाल ते तो टिपून घेतो आणि कीबोर्डची जी पट्टी दाबाल त्या सुरात परत म्हणून दाखवतो. हे कौतुक १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या फेअरलाइट नावाच्या यंत्राने सुरू केलं. ते यंत्र घराच्या किमतीत मिळायचं, म्हणजे घर असलेल्यांनाच परवडायचं आणि घेतल्यावर घर राहायचं नाही. अकाईने १९८६ साली एस-९०० काढून ही चैन सामान्य वादकाच्या आवाक्यात आणली. सामान्य म्हणजे ज्याला कर्ज मिळतं असा. १९८८ साली एस-९५० आला आणि त्याच वर्षी त्याच घराण्यातला १६ बिटांचा, स्टिरिओ एस-१०००ही आला. त्यामुळे १२ बिटांचा, मोनो एस-९५० जन्मवर्षीच जुना ठरला.

१६ बिट म्हणजे आवाजाच्या चढ-उताराला ६५,५३६ पायऱ्या. १२ बिट म्हणजे ४,०९६. पायऱ्या कमी, त्यामुळे आवाज जरा ठेचकाळत चालतो. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांना आणि पुढे लंडनच्या 'जंगल' संगीतवाल्यांना ही ठेच इतकी आवडली, की आज लोक खास तिच्यासाठी हे यंत्र शोधत फिरतात. मूळ मेमरी ७५० केबी. सकाळी काकूंकडून येणारं 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं चित्रसुद्धा तीत मावेल याची खात्री नाही. उत्तम दर्जात टिपलं तर दहा-अकरा सेकंदांत जागा संपते. मग त्या काळच्या मंडळींनी युक्ती काढली: मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५च्या वेगाने लावायची, चिवचिवणारा आवाज टिपायचा आणि सॅम्पलरमध्ये तो खाली ओढून मूळ वेगाला आणायचा. जागाही वाचते आणि वर ठेचा वाढतात. काटकसरीतून जन्मलेलं सौंदर्य असल्याने पुणेकर म्हणून मला हे लगेच पटलं.

माझा एस-९५० एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्या दादांकडून आला. त्यांना तो जपानहून परतलेल्या कुणीतरी दिला होता, म्हणून मागे '१०० व्होल्ट' असं लिहिलेलं. आपल्याकडे २३० व्होल्ट. त्यामुळे यंत्राबरोबर एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आंदण आला, तो उचलताना आमच्या शेजाऱ्यांची पाठ धरली. झाकण काढलं तर आत गुलाल. फ्लॉपीच्या फटीतून शिरलेला, कित्येक मिरवणुकांचा. गुलालाखाली भंडारा, भंडाऱ्याखाली थिएटरांची धूळ. यंत्राने कुठल्या साली कुठल्या देवाची सेवा केली ते थर बघून सांगता आलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले कापसाचे बोळे लालभडक होऊन टेबलावर जमू लागले. बायको दारातून किंचाळली, "अरे, रक्त?"

"नाही. अनंत चतुर्दशी."

जुना सॅम्पलर दुरुस्त करताना 'काय बिघडलंय' हा प्रश्न सोपा असतो. यातलं काय बिघडलेलंच ठेवायचं, इथे घाम फुटतो. मिक्सर दुरुस्त करताना ही भानगड नसते. चटणी वाटली की मिक्सर बरा झाला. इथे प्रत्येक दोषाची स्वतंत्र सुनावणी घ्यावी लागते.

काही खटले पहिल्या तारखेलाच निकाली निघतात. आकड्यांच्या बटणांपैकी ५ दाबलं की ५५ उमटायचं. या दोषाच्या बाजूने न्यूयॉर्कमध्येही कोणी उभं राहणार नाही. खालचे टॅक्ट स्विच काढून नवे बसवले, विषय संपला.

फ्लॉपी ड्राइव्हचं प्रकरण तितकं सरळ नव्हतं. सॅम्पलरची वीज गेली की पोटातलं सगळं जातं, म्हणून प्रत्येक आवाज साडेतीन इंची फ्लॉपीवर ठेवावा लागतो. सोनीने फ्लॉप्या बनवणं २०११ साली थांबवलं. आपल्याकडे ज्या उरल्या, त्यांना पावसाळ्यांनी बुरशी आणली; अशी फ्लॉपी आत घातली की ड्राइव्हचं वाचणारं हेडही आजारी पडतं. यावर जगभरच्या हौशी लोकांचा उतारा म्हणजे गोटेक. ड्राइव्हच्याच मापाची चिनी डबी, तीच ३४ पिनांची रिबन केबल, फक्त समोर पेनड्राइव्हचं भोक. तिच्यात फ्लॅशफ्लॉपी नावाचं फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्राम, भरायचं, जम्पर नीट बसवायचे, की एका पेनड्राइव्हवर शेकडो फ्लॉप्या. काम चोख झालं. आवाज क्षणात सापडू लागले, 'डिस्क वाचता येत नाही' हा निरोप बंद झाला आणि मला घरात कसलं तरी सुतक असल्याचं जाणवायला लागलं. ड्राइव्हची टकटक गेली होती.

ही उणीव इतरांनाही भासली असणार. कारण त्याच फर्मवेअरमध्ये अशी सोय आहे की डबीला एक बारका स्पीकर जोडायचा आणि नसलेलं हेड सरकलं की त्याने टकटक करायचं. मी जोडला. बायकोने शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खराब काढून चांगलं बसवलंस आणि आता चांगल्याला खराबासारखं बोलायला शिकवतोयस." तिने वकिली करायला हवी होती.

यंत्राच्या छोट्या पडद्यामागच्या उजेडाला मात्र मी दया दाखवली नाही. त्या काळी पडद्यामागे ईएल नावाचा कागदाइतका पातळ पत्रा असायचा. त्याला एक इन्व्हर्टर शंभरएक व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पुरवतो आणि पत्रा मंद उजळतो. वर्षं गेली की उजेड विझतो. दादा म्हणे स्टेजवर तोंडात टॉर्च धरून कार्यक्रम निभवायचे. नवा पत्रा मिळतो, घरच्या कात्रीने कापताही येतो, पण त्याच्या कडेला बोट लागलं तर संगीताखेरीज इतर स्वर निघतात. शिवाय इन्व्हर्टरची बारीक शिट्टी कायमची. जुन्या मताचे लोक म्हणतात, शिट्टीशिवाय मजा नाही. त्यांनी खुशाल वाजवावी. मी एलईडी बसवला.

खरी गंमत केली आठव्या आवाजाने. एस-९५०मधून एका वेळी आठ आवाज निघतात आणि प्रत्येकाला स्वतःची फिल्टरची चिप असते, एमएफ६ नावाची, चौदा पायांची. यंत्र पाळीपाळीने एकेकाला काम देतं: पहिला ठोका पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला, आणि आठ झाले की पुन्हा पहिल्याला. माझी आठवी चिप आजारी. म्हणजे सात ठोके खणखणीत आणि आठवा गोधडीतून. मला वाटलं, ढोलकीचा तुकडाच नीट टिपला गेला नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे तबल्याचे मास्तर आवाज ऐकून वर आले.

मी तीनताल लावला, सोळा मात्रांचा, मात्रेला एक ठोका. पहिली मात्रा सम; नववी खाली, म्हणजे टाळी न देता हात रिकामा सोडायची. मास्तर डोळे मिटून हातावर मोजत राहिले. "आठव्याला आणि सोळाव्याला दाबताय. खालीच्या आधी आणि समेच्या आधी. कोणी शिकवलं?"

"मास्तर, बिघाड आहे."

"झपताल लावा."

झपताल दहा मात्रांचा. पहिल्या आवर्तनात आठवी मात्रा दबली, पुढच्यात सहावी, मग चौथी, मग दुसरी, मग दहावी आणि पुन्हा आठवी. मास्तरांनी डोळे उघडले. मला त्यांनी एवढ्या आदराने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सात मात्रांचा रूपक लावला तर दुसऱ्या आवर्तनाची समच गायब झाली. मी ओशाळून काही म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बरोबर आहे. रूपकात सम खालीवरच असते. यंत्राला कळतं."

तरीही चिप बदलणं भाग होतं. मागच्या बाजूला आठ आवाजांची आठ वेगळी आउटपुट आहेत. एकेकात हेडफोन खुपसून आठवाच गुन्हेगार असल्याचं पक्कं केलं. एमएफ६ आता कुणी बनवत नाही. कुठल्यातरी मेलेल्या यंत्रातून काढलेली शोधावी लागते आणि मिळाली तरी नाव एकाचं, पोटात दुसरंच, अशी निघायची भीती. म्हणून तपकीर गल्ली, म्हणून काका. काकांनी कुठूनशी चिप पैदा केली आणि सांगितलं, "सरळ डकवत नाही, आयसी बेस टाकतो. पुन्हा गेली तर उपटून दुसरी लावा." चौदा पाय सुटे करताना त्यांनी बोर्डावरची तांब्याची एकही पट्टी उचकटू दिली नाही. या कामात परदेशी चित्रफिती बघून शिकलेले माझ्यासारखे लोक डिसोल्डर पंप घेऊन ध्यान लावतात. काका त्या वेळात चहावाल्याचा हिशेबही मिटवतात.

मग त्यांनी यंत्र लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, फाटतोय."

"काय?"

"आवाज. बारीक खरखर आहे मागे. कंडेन्सर टाकून गाळून देतो. वेगळे पैसे नकोत."

"नको काका. खरखर राहू द्या."

"अहो, मोफत."

"त्या खरखरीसाठीच तर घेतलंय. लोक तिचेच पैसे देतात."

काकांनी सोल्डरिंगची लेखणी स्टँडवर ठेवली. आयुष्यभर त्यांनी रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर अशा सगळ्यांची खरखर काढून चार पैसे मिळवले. आता समोर एक शिकलेला माणूस खरखर न काढण्यासाठी उभा होता. शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळून ते हळूच म्हणाले, "हे खरखरवाले." तेव्हापासून मी त्या गल्लीत याच नावाने ओळखला जातो. मध्यंतरी त्यांनी मला आवर्जून फोन केला: एक रेडिओ आलाय, फार सुंदर खरखरतो, मालक न्यायला यायच्या आत ऐकून जा.

मेमरी वाढवायचं काम त्यामानाने बिनबोभाट झालं. हौशी मंडळी आता नवे बोर्ड बनवतात. ते बसवलं की ७५० केबीचे २.२५ एमबी होतात, म्हणजे अकरा सेकंदांचे बत्तीस. मी ही वार्ता जेवताना दिली. भाचा म्हणाला, "मामा, जीबी म्हणायचंय ना?" त्याच्या लॅपटॉपवर हा अख्खा सॅम्पलर एका खिडकीत आहे आणि खरखरीला शून्य ते शंभर अशी गोल चकतीही. मी ती शंभरावर नेऊन ऐकली. वाईट नाही. पण तिच्यात गुलाल नाही, हे मी त्याला सांगितलं नाही, कारण त्याने त्याचीही चकती शोधून दिली असती.

आता गुरुवारी वीज गेली की तेवढे बत्तीस सेकंद उडतात, म्हणून यूपीएस आला. यूपीएस, त्यावर ट्रान्सफॉर्मर, त्यावर सॅम्पलर अशी ती उतरंड बैठकीच्या खोलीत उभी आहे. दृष्ट लागावी असं यंत्र झालंय. बटणं एकदाच उमटतात, पडदा लखलखतो, आठही आवाज सारखे.

परवा मास्तर विद्यार्थ्यांसह वर आले. झपताल लावा म्हणाले. लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"याचं काय केलंत?"

"दुरुस्त केलं."

"अहो, मी पोरांना सांगून आणलंय. दर आवर्तनाला वेगळी मात्रा दाबली जायची, त्यावर लय धरून बसायचं. असा रियाज घरबसल्या कुठे मिळतो? तो आठवा परत दाबता येईल का?"

आजारी चिप मी टाकलेली नव्हती. काकांनी बेस घातलेलाच होता, त्यामुळे जुनी परत बसवायला फारसा वेळ लागत नाही. मास्तरांनी समोर बसून ते काम करून घेतलं. पोरांनी झपताल धरला, आठव्या मात्रेला गोधडी पडली, सहावीला दोघं चुकले, चौथीला सगळे. मास्तर खुशीत हातावर टाळ्या देत होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "पुढच्या वेळी त्या सातव्याचंही काहीतरी बघा."