गोरूटीन, गोमॅक्सप्रॉक्स, गोशेड: फिरत्या सल्ल्यातलं काय खोटं

गो लँग्वेज शिकणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: गोरूटीन (गोमध्ये एकाच वेळी चालणारी हलकी कामं) फुकट असतात, लाखभर सोडा, वेग कमी पडला तर गोमॅक्सप्रॉक्स ही सेटिंग वाढवा, तरी अडलंच तर मध्ये गोशेड (आपली पाळी सोडून इतर गोरूटीन्सना संधी देणारं फंक्शन) टाका. तिन्हींत थोडं खरं आहे, म्हणून तो टिकून आहे.

आधी ‘फुकट’. गोरूटीन साधारण २ केबीच्या स्टॅकने (स्वतःच्या कामापुरत्या मेमरीने) सुरू होतं. लाखभर म्हणजे कामाला हात लावण्याआधीच सुमारे २०० एमबी. नेटवर्कची वाट पाहणारी गोरूटीन्स थ्रेड (ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस, कोअरवर चालवते तो धागा) अडवत नाहीत, लिनक्सवर ती ईपोलकडे (कनेक्शन्सवर लक्ष ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीकडे) सोपवली जातात, हे खरं. पण डिस्कवरची फाइल वाचणारं किंवा सीगोमधून (गोतून सी कोड बोलावण्याच्या सोयीतून) सी फंक्शनमध्ये अडकलेलं गोरूटीन अख्खा ओएस थ्रेड धरून बसतं. थ्रेड १०,००० च्या वर गेले की रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारी गोची यंत्रणा) प्रोग्रामच पाडतो. बहुतेकदा तिथवर वेळ येत नाही, कारण डेटाबेस आधी हात वर करतो: पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची, आणि गोच्या डेटाबेस पॅकेजची मूळ मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद! सेटमॅक्सओपनकॉन्स (उघड्या कनेक्शन्सची मर्यादा) आणि एररग्रुपचं सेटलिमिट (एका वेळी चालणाऱ्या गोरूटीन्सची मर्यादा), दोन्ही लावा.

गोमॅक्सप्रॉक्सचा गैरसमज जास्त महागात पडतो. तो आकडा एकूण थ्रेड्सचा नसून एका वेळी किती थ्रेड गो कोड चालवतील याचा आहे. आकडेमोडीच्या कामाचा वेग कोअरच्या संख्येपेक्षा मोठा आकडा देऊन वाढत नाही. कंटेनरमध्ये (मशीनचा ठरावीक वाटा देऊन प्रोग्राम वेगळा चालवतात तिथे) तर उलटंच होतं. मशीन ६४ कोअरचं, कंटेनरची मर्यादा ४ सीपीयू. गो १.२५ च्या आधीचा रनटाइम ६४ च धरतो. लिनक्स दर १०० मिलिसेकंदांना ४०० मिलिसेकंदांचा कोटा देतो. ६४ थ्रेड एकदम धावले तर तो सव्वासहा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले पावणेचौऱ्याण्णव मिलिसेकंद सगळा प्रोग्राम झोपतो. लोड झटक्याझटक्याने येत असेल तर सरासरी सीपीयूचा आलेख शांत दिसतो आणि काही रिक्वेस्ट मात्र विनाकारण रखडतात. सीग्रुपच्या (लिनक्समध्ये ही मर्यादा लावणाऱ्या सोयीच्या) सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये एनआर_थ्रॉटल्ड, म्हणजे कोटा संपून किती वेळा थांबावं लागलं तो आकडा, वाढतोय का ते बघा. जुन्या आवृत्तीत गोमॅक्सप्रॉक्स ४ करा. १.२५ पासून रनटाइम मर्यादा स्वतः वाचतो, पण प्रोजेक्टच्या गो.मॉड फाइलमधली आवृत्तीही किमान १.२५ हवी, आणि आकडा हाताने दिलेला नसावा.

गोशेडचा सल्ला २०२० आधीचा आहे. तेव्हा फंक्शन कॉल नसलेला लूप इतरांना अडवून ठेवायचा. १.१४ पासून सुमारे १० मिलिसेकंदांहून जास्त चाललेल्या गोरूटीनला रनटाइम सिग्नल पाठवून थांबवतो. गोशेड लावून एखादा फ्लॅग (खूण म्हणून ठेवलेलं व्हेरिएबल) बदलण्याची वाट बघत लूपमध्ये फिरणं म्हणजे सीपीयू जाळणं, शिवाय डेटा रेस (दोन गोरूटीन्सनी एकच व्हेरिएबल ताळमेळाविना वाचणं-बदलणं) वेगळीच. तिथे चॅनल (गोरूटीन्समध्ये निरोप देण्याची गोची सोय) वापरा.

आकडे बदलण्याआधी गोडीबग=शेडट्रेस=१००० हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून प्रोग्राम चालवा; दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात आयडलप्रॉक्स (गोमॅक्सप्रॉक्सपैकी रिकाम्या जागा) शून्य आणि रनक्यू (पाळीची वाट पाहणाऱ्या गोरूटीन्सची रांग) फुगलेली असेल तर सीपीयू खरंच कमी पडतोय. आयडलप्रॉक्स भरपूर असतील तर शेड्यूलरला (गोरूटीन्सना पाळी देणाऱ्या रनटाइमच्या भागाला) हात लावू नका. काम लॉकपाशी, डेटाबेसपाशी किंवा नेटवर्कपाशी तुंबलंय.