डमी आर्टिकलशिप आणि तुमचा भाऊ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते. सीए करताना मुलांना एखाद्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावं लागतं, ती आर्टिकलशिप. ती फक्त कागदावर दाखवायची, म्हणजे डमी आर्टिकलशिप; तिच्या वाटेला जाऊ नका, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आर्टिकलशिप म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली मुलांना स्वस्तात राबवून घेणं. तुमचा धाकटा भाऊ लातूरहून पुण्याला आलाय, दिवसभर व्हाउचिंग करतो (बिलं-पावत्या हिशेबाशी ताडून बघतो), बँकेत चकरा मारतो आणि रात्री पुस्तक उघडलं की त्याचे डोळे मिटतात. कागदावर आर्टिकलशिप दाखवून घरी अभ्यास करणारी मुलं त्याच्या पुढे निघून जाताहेत. आणि शेवटी, 'ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी आम्हाला सचोटी शिकवू नये.'

पैशांबद्दल तुमचं-माझं भांडण नाही. सीएंच्या संस्थेनं (आयसीएआय) ठरवून दिलेलं किमान विद्यावेतन मोठ्या शहरातसुद्धा महिना 4 ते 5 हजारांच्या घरात आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, दोन वेळची मेस लावायची, तर महिनाअखेर घरून पैसे मागवावेच लागतात. मोठ्या फर्म याच्या काही पट देतात, पण तिथल्या जागा मोजक्या. 'छोट्या फर्मला परवडत नाही' हे आमच्या व्यवसायातलं नेहमीचं उत्तर मला पटत नाही. जो मुलगा दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला क्लायंटांची जीएसटी रिटर्न्स वेळेत भरून देतो, त्याच्या कामाची फी फर्मला मिळतच असते. त्यातून त्याचं जेवणखाण निघालंच पाहिजे.

वेळेबद्दलही तुमचा राग रास्त आहे. आठवड्याला 35 तास हा संस्थेचाच नियम. जुलैअखेर साधी रिटर्न्स आणि सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट आलं की कामाचे तास वाढणार, हे मी समजू शकते. पण जी ऑफिसं बाराही महिने रात्री नऊपर्यंत मुलांना बसवतात, ती नियम मोडतात आणि त्यांना तसं तोंडावर सांगणारं कोणी नसतं.

इथपर्यंत आपण एकत्र आहोत. यातून तुम्ही 'मग डमीच बरी' या निष्कर्षाला येता, तो मला मान्य नाही.

डमीत काय घडतं ते तुम्हाला ठाऊक असेल, तरी इतर वाचकांसाठी सांगते. 103 नंबरचा फॉर्म रीतसर भरला जातो, मुलगा अमुक सीएंकडे आर्टिकल म्हणून नोंदला जातो, हजेरीपट परस्पर भरला जातो आणि मुलगा क्लासला किंवा घरी. कित्येक ठिकाणी खात्यात आलेलं विद्यावेतन रोखीनं परत करावं लागतं. पकडलं गेलं तर त्याचा तो काळ रद्द होऊ शकतो आणि सीएवर शिस्तभंगाची कारवाई. पण समजा, पकडलं नाहीच गेलं. मुलगा सीएची शेवटची परीक्षा, फायनल, पास झाला. ज्याच्या वडिलांची फर्म आहे तो दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसेल आणि घरातच शिकेल. लातूरच्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या मुलाला कोण शिकवणार? त्याच्यासाठी आर्टिकलशिपची दोन वर्षं हेच एकमेव दार आहे. डमीचं नुकसान सगळ्यात जास्त त्यालाच सोसावं लागतं, हे मला तळमळीनं सांगायचं आहे. माझ्याही घरात कोणी सीए नव्हतं. ताळेबंद कसा दिसतो हे मी आर्टिकल म्हणूनच पाहिलं.

आता एक उदाहरण देते. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट असतं. पुस्तकात वाचलेलं असतं की हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. शेतीकर्जाला निकष वेगळा : कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम. चार ओळी, पाठ करायला पाच मिनिटं. मग मुलगा तालुक्याच्या शाखेत जाऊन बसतो आणि खातेउतारे उघडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पीककर्ज पूर्ण भरलेलं, आणि दोन-तीन दिवसांत तेवढीच किंवा थोडी जास्त रक्कम पुन्हा उचललेली. एक खातं नाही, ओळीनं खाती. गावात याला 'नवं-जुनं' म्हणतात. पैसे कुठून आले, कोणी हातउसने दिले, की बँकेतूनच एका खात्यातून दुसऱ्यात फिरले? हा शेतकरी खरंच फेडतोय, की थकबाकी झाकली जातेय? व्हाउचर काढायचं, कर्जाची फाइल मागायची, सात-बारावर पीक कोणतं लागलंय ते बघायचं, मॅनेजरला प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर खरं वाटतं का हे ठरवायचं. बावीस वर्षांच्या मुलानं वयानं दुप्पट असलेल्या मॅनेजरला नम्रपणे पण न डगमगता विचारणं, हे कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये मिळत नाही. आणि अशा तपासणीनंतर सीए जी सही करतो, तिच्यावरच पुढे लोकांच्या ठेवी विसंबून असतात.

'व्हाउचिंग म्हणजे हमाली' असं तुम्ही लिहिलंत. नुसत्या बरोबरच्या खुणा करायला बसवलं तर हमालीच. पण हे बिल या खात्यात का टाकलं, यावर टीडीएस कापायला हवा होता का, असं विचारू दिलं तर तेच काम वेगळं होतं. फरक प्रिन्सिपलमुळे, म्हणजे ज्या सीएंकडे मुलगा आर्टिकल असतो त्यांच्यामुळे, पडतो. म्हणून फर्म निवडताना विद्यावेतनाबरोबर तिथल्या जुन्या आर्टिकल्सना विचारावं : ऑडिटला नेतात का? चूक झाली तर समजावून सांगतात का? परीक्षेआधी सोडतात का?

अभ्यासाच्या वेळेचं गणितही आता थोडं बदललंय. जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. रजा फार कमी झाल्या, त्याचा त्रास आहेच. पण ते सहा महिने पूर्ण अभ्यासाचे असतात. त्यामुळे ऑफिसातून दमून आल्यावर रात्री बारापर्यंत फायनलचे सगळे विषय ओढायची गरज भावाला नाही. सकाळी ऑफिसआधी दीड-दोन तास एकच विषय, आणि ऑफिसात ज्या कायद्याचं काम चालू आहे तोच विषय त्या महिन्यात घेतला, तर निभावतं. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटचे फॉर्म भरताना प्रत्यक्ष कर वाचला तर तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

भाऊ महिनोन् महिने फक्त बँकेच्या स्लिपा भरत असेल, तर आधी त्यानं सरांशी स्पष्ट बोलावं, ऑडिटचं काम मागावं. नाही मिळालं तर फर्म बदलावी. त्यासाठी 109 नंबरचा फॉर्म असतो, त्यावर प्रिन्सिपलची सही लागते. ती द्यायला कोणी अडवणूक केली तर पुण्यात संस्थेची शाखा आहे, तिथे जाऊन लेखी द्यावं. सध्याच्या फर्ममध्ये त्याला काय काम दिलंय ते तुम्ही मला कळवा. सोलापूरहून मला होईल तेवढी मदत मी करेन.