व्हेनेझुएलातली टंचाई: आधी तारखा बघा

‘व्हेनेझुएलात अन्न मिळेनासं झालं ते अमेरिकेचे निर्बंध, साठेबाज व्यापारी आणि पडलेले तेलाचे भाव यांमुळे, तिथलं डावं सरकार निर्दोष आहे’, अशा आशयाची पोस्ट पुन्हा जोरात फिरतेय. एकेक मुद्दा घेऊ.

निर्बंध. कर्जव्यवहारांवर बंधनं आली ऑगस्ट २०१७ मध्ये आणि तेलावर जानेवारी २०१९ मध्ये. २०१५ चे निर्बंध मोजक्या अधिकाऱ्यांपुरतेच होते. पण जुलै २०१६ मध्येच शेकडो बायका बंद सीमेवरचा पहारा मोडून शेजारच्या कोलंबियातल्या कुकुता शहरात पीठ, तेल, साखर आणायला गेल्या होत्या! निर्बंधांनी पुढे हाल वाढवले, हे मान्य. पण २०१९ मध्ये, निर्बंध सगळ्यात कडक असताना, सरकारने दरनियंत्रण सैल केलं, डॉलर चालू दिला आणि दुकानं भरू लागली. अर्थात, डॉलर हातात असणाऱ्यांसाठी.

साठेबाजी. इथे जरा थांबू, कारण खरी गोम इथेच आहे. २००३ पासून सरकारने खाद्यपदार्थांचे भाव बांधून दिले. महागाई धावत राहिली, बांधलेला भाव मागे पडला. अरेपा ही तिथली रोजची मक्याची भाकरी. तिचं पीठ बांधल्या भावात विकायचं तर खर्चही निघेना. मग कोण पिकवणार, कोण दळणार? त्यात डॉलरचे दोन भाव: २०१३ पासून अन्न आयातीसाठी सरकारी दर ६.३० बोलिव्हार (तिथलं चलन), आणि २०१४ संपताना काळ्या बाजारात दीडशेच्या वर. वशिल्याने स्वस्त डॉलर मिळाला की माल आणण्यापेक्षा आयातीची खोटी बिलं लावून तो डॉलर काळ्या बाजारात विकण्यातच कमाई. अशा बाजारात साठेबाज निपजणारच, त्यांना मोकळं रान सरकारनेच दिलं. बी-बियाणं, खतं पुरवणारी आग्रोइस्लेन्या ही कंपनी २०१० मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पुढे शेतकरी बियाण्यासाठी खेटे घालू लागले. त्याच वर्षी प्वेर्तो काबेयो बंदरात सरकारी कंपनीने मागवलेलं हजारो टन अन्न सडलेलं सापडलं. हा साठा कुठल्या भांडवलदाराचा?

तेल. भाव २०१४ च्या मध्यानंतर कोसळले, खरंय. पण मध्यवर्ती बँकेचा टंचाई निर्देशांक, म्हणजे दुकानात न मिळणाऱ्या वस्तूंचं प्रमाण, त्या वर्षीच्या सुरुवातीलाच तीस टक्क्यांच्या घरात होता, तेव्हा तेल शंभर डॉलरच्या आसपास होतं. पुढे बँकेने आकडे देणंच बंद केलं.

आणि हे वाचून ‘बघा, डावे आले की उपासमार’ म्हणत टाळ्या पिटणाऱ्यांनी इक्वेडोरकडेही बघावं. तेव्हा तिथलं सरकार डावंच, भिस्त तेलावरच, भाव पडले तेही त्याच वर्षी. पण चलन अमेरिकी डॉलर, त्यामुळे दोन दरांचा हा खेळ नव्हता. तिथे पिठासाठी रांगा लागल्या नाहीत.