लोणचं, पापड आणि आईची बिस्किटं

नमस्कार. ‘पापड-लोणचं हेही प्रक्रिया केलेलंच, पिढ्यान्‌पिढ्या खातोय. अतिप्रक्रियायुक्त वगैरे परदेशी खूळ आहे, नोकरी करणाऱ्या बायकांना उगाच घाबरवू नका,’ असं माझ्या लिखाणावर तुम्ही लिहिलंत.

आधी चूक कबूल करते. ‘पाकिटातलं सगळं टाळा’ हे वाक्य मी त्यात घाईत खरडलं. पाकिटात तूरडाळही येते. आणि साडेसातला घरी पोचून नूडल्स उकळणाऱ्या बाईला मी काय बोलणार? मीही उकळते.

पण लोणच्याची काळजी सोडा. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नावरच्या प्रक्रियेचा मुद्दा मांडला, त्यातून ‘नोव्हा’ ही पदार्थांवर किती प्रक्रिया झाली ते पाहणारी चार गटांची वर्गवारी आली. कैरी, मीठ, तेल, मोहरी, हिंग एवढ्यावर झालेलं लोणचं तिच्या तिसऱ्या, म्हणजे नुसत्या ‘प्रक्रिया केलेल्या’ गटात बसतं. चौथ्यात, म्हणजे ‘अतिप्रक्रियायुक्त’ गटात जातं ते माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर असले कारखान्यातले घटक घातलेलं, जे आपल्या फडताळात कधीच नसतात.

गोंधळ आहे तो इथेच. माझ्या आईला मधुमेह आहे. दिवाळीत तिनं चकलीला हात लावला नाही, ‘तळलेलं नको गं.’ चहाबरोबर मात्र चार डायजेस्टिव्ह बिस्किटं, रोज. पाकिटावर गव्हाची सोनेरी लोंबी आहे ना! मी पाकीट उलटं करून मुंगीएवढ्या अक्षरांतली यादी तिला वाचून दाखवली. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिला मैदा, मग पाम तेल, साखर; गव्हाचं पीठ चौथं. आई म्हणाली, ‘पण गोड कुठं लागतात?’ तेलकट दिसलं की वाईट, कोरडं आणि बेचव लागलं की पथ्याचं, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब.

खूळ म्हणाल, तर अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेलं जेवण दिलं. वाढलेल्या ताटांत साखर, मेद, मीठ, तंतू जुळवलेले, हवं तेवढं खा. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. माणसं वीसच, दिवसही थोडे, हे खरं. तरी २०१९ चा तो निकाल मला झटकून टाकता येत नाही.

नोव्हात माझं खरं अडतं ते पावापाशी. मैदा, यीस्ट, मीठ असेल तर तिसरा गट. पाव मऊ, फुगीर व्हावा म्हणून घालतात तो इम्प्रूव्हर पडला की चौथा. कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, सगळेच टाकतात.’ सहा पाव घेतले आणि घरी आले.