बाईच्या फेऱ्या ‘इतर’मध्ये

विकसनशील देशांतल्या शहरांचे वाहतूक आराखडे ज्या सर्वेक्षणांवर बेततात, त्यातला एखादा फॉर्म वाचून बघा, डोकं फिरेल. प्रवासाचं कारण: नोकरी, शिक्षण, इतर. संपलं! पोराला शाळेत सोडणं, सासूला दवाखान्यात नेणं, रेशन आणणं, परत शाळा गाठणं, सगळं ‘इतर’. आणि उत्तरं कोण देतो? बऱ्याचदा कुटुंबप्रमुख. बायको दिवसभर कुठे कुठे जाते हे त्याला थोडंच ठाऊक! "ती घरीच असते," म्हणतो, की लिहिणारा शून्य फेऱ्या टाकून पुढच्या दाराशी. जवळपासचं चालणं तर बऱ्याचदा मोजतच नाहीत. भारताच्या 2011 च्या जनगणनेत कामावर जायचं साधन विचारलं, तेही शेती आणि घरगुती उद्योग वगळून बाकीच्या कामगारांना. रानात मजुरीला पायी जाणारी बाई त्या तक्त्यात नाहीच.

मोजलंच नाही त्याच्यासाठी बस सोडणार कोण? मग मार्ग आखायचे उपनगरातून थेट मध्यवस्तीत, सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. दुपारी गाड्या डेपोत, चालक-वाहकांची पाळी बदलायची, दहा मिनिटांनी येणारी बस तासाने येणार. नेमकी तेव्हाच शाळा सुटते. सहा-सात आसनी गाडी पकडावी, तर ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि दुपारी भरते कधी, देव जाणे. वर पिशवीची जागा अडते म्हणून वेगळे पैसे मागणार.

तिकिटाचं गणित तर खास संतापाचं. पहिल्या टप्प्याचं भाडं किलोमीटरमागे सगळ्यात महाग असतं, पुढे दर उतरत जातो. एका दमात दहा किलोमीटर जाणाऱ्याला स्वस्त. तेच दहा किलोमीटर चार ठिकाणी उतरत, अडीच-अडीच किलोमीटरने कापणारीला चार वेळा पहिला टप्पा! उपाय काही रॉकेटविज्ञान नाही: तिकीट अंतराचं नको, वेळेचं द्या. एकदा काढलं की दीड-दोन तास कितीही वेळा चढा-उतरा. त्यासाठी नवा पूल लागत नाही, तिकीट यंत्रातला नियम बदलावा लागतो. पण पुलाचं उद्‌घाटन होतं, नियमाचं कोण करणार?

आता गाडीत चढा. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या बसचा तळ जमिनीपासून मीटरभर उंच. तीन पायऱ्या म्हटल्या तरी एकेक फूटभर, आणि चालकाने गाडी कडेला न लावता रस्त्याच्या मध्येच थांबवली की पहिली पायरी आणखी वर. कडेवर मूल, हातात पिशवी, साडीचा घोळ, मग दांडी धरायची कशाने? तोवर घंटा वाजलेली असते. आत गेल्यावर वरची दांडी उंच माणसाच्या मापाची. उभ्या खांबांची संख्या वाढवली तरी पुष्कळ भागेल, पण ते सुचायला चढणाऱ्याला विचारावं लागतं.

आणि मग येते गुलाबी बस, फक्त बायकांसाठीची. चाळीस मिनिटांत एक! तोवर पाच साध्या बस डोळ्यांसमोरून जातात. थांब्यापासून घरापर्यंतचा अंधारा बोळ तसाच. थांब्याच्या पाठीला भलीमोठी जाहिरातीची पाटी, म्हणजे आत उभी असलेली कुणाला दिसायलाही नको. रात्री मागितल्यास दोन थांब्यांमध्येही गाडी थांबवावी, एवढा साधा नियम. त्याला रंगही लागत नाही. मोफत प्रवास दिला तर चांगलंच आहे, पण गाड्या तेवढ्याच ठेवल्या की बायकांचा घोळका बघून चालक गाडी दामटतो, हेही ठरलेलं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2017 मध्ये आकडाच मांडला: विकसनशील देशांत वाहतूक पुरेशी आणि सुरक्षित नसल्याने बाई श्रमबाजारात, म्हणजे काम करत किंवा शोधत, असण्याची शक्यता अंदाजे 16.5 टक्के-अंकांनी घटते. तरी बैठकांत विचारतात, "बायका कामावर का येत नाहीत हो?"

घरात दुचाकी एकच असेल तर ती कोण नेतो, सांगायला नको. आठ तास ती कचेरीबाहेर उन्हात तापत उभी, आणि पाच ठिकाणी जायचं असलेली बाई पायी. फॉर्मवर मात्र ठसठशीत खूण: कुटुंबाकडे वाहन आहे.